वाराची माणसं

आम्ही तिथीची माणसं.
अष्टमीला भांग, अमावास्येला उधाण,
तर कधी सोडायची ते चंद्र सांगायचा.
मग पूल झाला, तर बंद झाली,
आणि तीन वर्षांपूर्वी तिच्या मूत्रपिंडांनी हात टेकल्यावर
आम्ही वाराची झालो.
मंगळवार, शुक्रवार.
पहाटे बाबलची रिक्षा, मग कणकवलीची एसटी,
मग चार तास तिचं रक्त यंत्रात जाऊन परत येतं
आणि मी बाहेरच्या बाकावर
दुसऱ्यांच्या चपला मोजतो.

फरजाना सिस्टर काट्यावर वाकून म्हणते,
आजी, सुकं वजन साडेत्रेचाळीस, आज शेहेचाळीस?
द्वारका छताकडे बघते.
मला माहीत असतं.
रविवारी धुण्याच्या दगडामागं शहाळं सापडलं होतं,
वर नीट झावळ टाकलेली.
खड्डा काढून पुरलं. बोललो नाही.
चाळीस माडांना जिनं पाणी घातलं
तिनं नारळाचं पाणी चोरून प्यावं,
ह्यावर काय बोलणार?

स्वयंपाक मी सत्तरीनंतर शिकलो.
बटाटा रात्रभर भिजवायचा, पाणी फेकायचं,
उकडायचा, पुन्हा पाणी फेकायचं,
उरेल त्याला बटाटा म्हणायचं.
केळं नाही, सुका बांगडा नाही.
मीठ चिमटीत घेतो
आणि अर्धी चिमूट परत डब्यात सोडतो.
ती पहिला घास घेते, म्हणते, "बरां झाला हा."
सेहेचाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलो,
एकदा असं म्हटलं नाही मी.

दिवसाला एक लिटर, डाळ-चहा धरून.
बाटलीवर ब्लेडनं रेघा मारल्यात.
तरीच्या जुन्या वहीत, जिथं उतारू लिहायचो,
सायकलीचे पन्नास पैसे वेगळे,
तिथं आता तिचे घोट लिहितो.
रात्री अंगाला खाज सुटते, खोबरेल चोळतो,
आणि झालं की तिच्या डाव्या हाताच्या शिरेवर कान टेकतो.
घुं घुं. दूर खाडीत कुणी इंजिन चालू ठेवून
झोपी गेल्यासारखं.
थांबलं तर लगेच या, डॉक्टर म्हणालेत.
म्हणून मी दोनदा उठतो. तिला वाटतं, लघवीला.

गेल्या बुधवारी म्हणाली,
"माका वायच खाडयेत न्हेशात?"
लवूची होडी मागून घेतली.
उशी, छत्री, बाटलीत दीडशे मिली.
वल्हं हातात आलं तसं बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.
आणि रेवेवर रुतलो.
दशमी की एकादशी, कॅलेंडर बघितलंच नव्हतं,
जन्मभर बघावं लागलं नव्हतं.
ओहोटी आमच्या खालून निघून गेली.

द्वारका हसली. किती दिवसांनी दात दिसले तिचे.
"तारी असान रुतलात?"
मग पाय बाहेर सोडून बसली, घोटाभर पाण्यात.
सूज उतरली होती.
सोनारानं कापून काढलेल्या जोडव्यांचे वळ
बोटांवर अजून होते.
शिंपल्या वेचणाऱ्या दोघी लांबून ओरडल्या,
"रात्र करतलास काय?"
तिनं हात हलवला.
एक घोट घेतला, तोंडात फिरवला,
बाटली माझ्यापुढं धरली. मी नको म्हटलं.
तर तिनं उरलेलं सगळं खाडीत ओतलं.
"घे गो," म्हणाली, "तुका पण."

पाणी चढेपर्यंत काळोख झाला.
घरी वही उघडली. प्यालेलं लिहिलं.
ओतलेल्याला रकाना नव्हता.
दिवा मालवून तिच्या हातावर कान ठेवला,
आणि उगाच विचारलं,
"आज तिथी खंयची गो?"
डोळे मिटूनच म्हणाली,
"शुक्रवार परवा हा."