रांजणाच्या काठाशी

चिआतुरात पहाटे तीनला जागे असतात
रातपाळीचे खाणवाले, दोन-चार कुत्री
आणि मी, मिंदिया भटारी. वय एकावन्न.
वजन... थांबा, ते नंतर.

कणकेचा गोळा मी डोळे मिटून तोलतो.
चारशे ग्रॅम म्हणजे चारशे, हवं तर काट्यावर घाला.
स्वतः काट्यावर चढलो तो थेट दवाखान्यात,
तेही डॉक्टर एलिको दार अडवून उभ्या होत्या म्हणून.
एकशे एकतीस.
त्या हसल्या नाहीत. मीच हसलो.

आमची तोने म्हणजे जमिनीत अर्धा पुरलेला मातीचा रांजण,
तळाशी निखारे.
भाकर त्याच्या पोटाला आतून थापायची,
विहिरीत सूर मारावा तसं वाकून,
डोकं, खांदे, छाती आत, एक पाय हवेत.
माझं पोट काठालाच अडायचं.
दोन पोटं समोरासमोर, एक तापलेलं, एक तुडुंब,
आणि मधे पोळलेली शर्टाची गुंडी.
चार वर्षं पोऱ्या बाचोच वाकला.
मी पीठ तोलायचो आणि पहिली भाकर खायचो.
मग दुसरी, चीज घालून.
मग सातला पाळी सुटली की खाणवाल्यांबरोबर,
त्यांना एकटं वाटू नये म्हणून.

"सकाळी दहा ते संध्याकाळी सहा," डॉक्टर म्हणाल्या,
"बाकी वेळ फक्त पाणी.
तुमच्या आतड्यात एक गाव नांदतंय, मिंदिया,
त्याला झाडलोटीला उसंत नाही.
रस्त्यावर अष्टौप्रहर तुमची वरात."
माझी आई बाजार झाडायची.
गर्दी उठेपर्यंत झाडू मांडीवर घेऊन बसायची,
तिचं बसणं मला आठवलं.
बाकी डॉक्टरांचं निम्मं कळलं नाही.

पोटात कावळे ओरडतात म्हणे.
पहिल्या आठवड्यात माझ्या पोटात
अख्खा कोंबडबाजार भरला होता.
चारला पहिला वास सुटायचा
आणि मी भिंतीकडे तोंड करून पाणी प्यायचो.

घर वरच्या अंगाला. रोपवेची डबी सहा मिनिटांत पोचवते.
आता तीनशे चौदा पायऱ्या.
एकशे दहाव्या पायरीवर नाझिकोची खिडकी,
ती रोज विचारते, "डबी बंद पडली का रे?"
रोज सांगतो, नाही.
श्वास उरलाच तर.

फादर बेसारिऑन म्हणाले, "ईस्टर तर होऊन गेला.
हा उपास कुठल्या देवाचा?"
"देवाचा नाही, आतल्या भाडेकरूंचा."
त्यांनी तरी आशीर्वाद दिला,
भाकर मात्र दोन जास्तीच्या नेल्या.

वाख्तांगच्या चाळिसाव्याला मोडलं सगळं.
रात्री दहा वाजता, खिंकाली.
देठं ताटाच्या कडेला ठेवायची रीत आहे आमच्यात,
त्यामुळे खोटंही बोलता येत नाही.
एकोणीस देठं.
वाख्तांग असता तर त्यानं वीस केली असती.

काल बाचो आला नाही. अक्कलदाढ.
रांग लागलेली. मी बाही गुंडाळली.
एकशे अठरा. फार नाही, मलाही ठाऊक आहे.
वाकलो.
काठ लागला, पण अडला नाही.
श्वास कधी धरायचा ते विसरलो होतो,
पहिली भाकर सुटून निखाऱ्यात गेली,
डावी भुवई तिच्याबरोबर.
दुसरी चिकटली.

पहिल्या खाणवाल्यानं विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"
म्हटलं, दहाला ये, सांगतो.
टोकाचा तुकडा मोडून एप्रनच्या खिशात ठेवला.
साडेचार वाजले होते.
दहापर्यंत गार होईल. होऊ दे.
सध्या त्याची ऊब पोटाला
बाहेरून लागत होती.