खत

खानापुरात स्टेशन रोडला घाडींचं खताचं दुकान.
दिवसा मी तिथं पोती मोजतो,
रात्री इतिहास वाचतो. बी.ए., बाहेरून.
तिसरं वर्ष, दुसऱ्यांदा.
पोत्यावर पोतं रचलं की टेबल होतं.
पानांना युरियाचा वास लागतो,
त्यामुळे अमेरिका मला
आधी नाकातून कळली.

समुद्रापारची पहिली बेटं तिनं घेतली पाखरांच्या शिटासाठी.
थट्टा नव्हे. छप्पनचा कायदा:
विष्ठेनं पांढरं पडलेलं बेट दिसलं,
आणि ते मोकळं असलं,
तर ज्याला दिसलं त्यानं कळवावं. झालं आपलं.

'छप्पन' ऐकून घाडी मालक गल्ल्यावरून उठले.
"छप्पनचं काढू नकोस. आमाला कुणी विचारलंय काय तेव्हा?
झोपलो एका राज्यात, उठलो दुसऱ्यात."
म्हटलं, मालक, एकोणीसशे नव्हे, अठराशे.
"असू दे की. खरं सवय तीच."
आणि तपकिरीची चिमूट ओढून परत बसले.

पुढं शिटाची गरज संपली.
हात मात्र सरावला होता.
उसाची बेटं होती. मळेवाल्यांनी आरमाराचे शिपाई बोलावले.
तिथली राणी माडीवरच्या एका खोलीत कोंडली गेली,
रिबिनींचे, जुन्या पोशाखांचे तुकडे जोडत
कौदी शिवत बसली.
तेवढंच वाचून मी दिवा बारीक केला.
टाके किती, ते पुस्तकात नव्हतं.

मग अठ्ठ्याण्णव. दोन कोटी डॉलर, सात हजार बेटं.
मी रजिस्ट्रार कचेरीत उभा राहिलेला माणूस,
मला खरेदीखत वाचता येतं.
देणार स्पेन. घेणार अमेरिका.
विकणाऱ्याकडं ताबाच नव्हता,
तिथल्या लोकांनी आधीच आपला झेंडा लावला होता.
जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप,
सगळ्यासह.
माणसांचा रकाना नाही.
माणसं नंतर मोजली, गावं जाळताना,
तीही नीट नाही.

क्युबात एक खाडी अजून भाड्यानं आहे.
दरसाल चार हजार पंच्याऐंशी डॉलरचा चेक जातो,
घरमालक तो वटवत नाही.
हे ऐकून मालक पहिल्यांदा गप्प झाले.
"आणि भाडेकरू?"
जात नाही.

जुन्या कोशात 'खत' शब्दाला तीन अर्थ आहेत.
शेतात घालतात ते.
कागदावर करतात ते.
तिसरा: जखम.
मी पेन्सिलीनं खूण केली, परीक्षेला येणार नव्हतं तरी.

मार्गशीर्षात मालकांनी गोदामासाठी जागा घेतली,
जंगलाच्या कडेला, अठरा गुंठे.
खत कानडीत, साक्षीदाराची सही मराठीत. माझी.
त्यात एक ओळ होती, जागा खाली आहे.
कानडीतही तो शब्द 'खाली'च,
रिकामं म्हणायला दोन्ही भाषांत भांडण नाही.
तिथं जानू येडग्याचा गोठा होता.
अकरा म्हशी, कुडाची भिंत,
चुलीपाशी एक मुलगी दात घासत उभी.
मी पाहिली होती.
सही करताना पेन अडलं नाही,
शाईही चांगली उतरली.

त्यावर कुठला कायदा नाही, कुठला ठराव नाही.
मालक वाईट नाहीत. जानूला त्यांनी
पुढची सुगी होईपर्यंत मुदत दिली, वर शंभराच्या दोन नोटा.

काल जानू आला, शेणखताची गाडी घेऊन.
दारात उभा राहून म्हणाला,
"काय वाचूलायस एवढं?"
बेटं, म्हटलं.
"माणसं राहत होती तिथं?"
काहींवर होती.
"मग मोकळी कशी?"

बैल शेपटीनं माशा वारत होते.
मालक आतून ओरडले, उतरून घे रे माल.
मी पावतीपुस्तक उघडलं, कार्बन घातला,
आणि नग, वजन, दर,
एवढंच लिहिलं.