निर्मळ

तीनच अक्षरं. नि, र्म, ळ.
एकदा गुजरातीत, उघड्या डोक्याची,
आणि दांडिया बाजारच्या गिऱ्हाइकांसाठी
एकदा आपल्या लिपीत, वर रेघ ओढून.
रसिककाका ठक्करांचा लीलो चेवडो,
अर्ध्या किलोचं पाकीट.

मी रात्रभर बसून फक्त ळ निवडला होता,
बाकीची दोन त्याच्या मागून आली.
डावं पोट भरलेलं, उजवं जरा उपाशी,
जेवणावरून अर्धवट उठलेल्या माणसासारखा ळ.
काका म्हणाले, आ चालशे.
सहा वर्षं चाललं.
मांडवीतल्या पाटीवर, टेम्पोच्या पाठीवर,
कढईवरच्या पोरांच्या टीशर्टांवर.

नोटीस मऊ भाषेत आली.
आमच्या नोंदींत आपलं नाव आढळलं नाही.
लोगोसाठी वेगळा परवाना लागतो,
साधाही आपण घेतलेला दिसत नाही.
बेचाळीस हजार.
खाली सही, पिनाकिन वाळंद.

सही पुन्हा वाचली.

फाइन आर्ट्सला दुसऱ्या वर्षी
कँटीनच्या ओल्या टेबलावरून
ह्याच पिनाकिनने पेनड्राइव्ह सरकवला होता,
निळा दोरा बांधलेला.
ले शिर्के, चार हजार फॉन्ट छे, मजा कर.
कुणाचे, हे विचारायचं सुचलंच नाही.
हापशावर घागर लावताना
बोअर कुणी मारली, कोण विचारतं?
पुढे त्यात भर पडत गेली.
हा कुणी दिला, कधी दिला, आठवत नाही.
दिला कुणीतरी. घेतला मी.

काकांकडे गेले.
काका म्हणाले, अक्षरांचे पैसा?
कक्को तर निशाळेत फुकट शिकवला मास्तरांनी!
त्यांच्या डोक्यावर, लक्ष्मीच्या शेजारी,
कोर्टाचा कागद काचेत घालून टांगलेला.
ळ चा ल करून, लाल पाकिटात
भरूचचा कुणी 'निर्मल चेवडो' विकत होता,
त्याच्यामागे काका दोन वर्षं वकील घेऊन फिरले.
मी फ्रेमकडे पाहिलं.
काकांनीही पाहिलं.
मग म्हणाले, थोडो चेवडो लई जा.

रात्री फोन केला.
त्याच्या मुलीची परीक्षा झाली, माझा गुडघा झाला.
मग विचारलं, सापडलं कसं तुला?
भरूच स्टेशनवर, म्हणाला,
बाकाखाली पडलं होतं रिकामं पाकीट.
ळ वरून ओळखलं.
उजवं पोट माझी चूक आहे गं.
सात महिने घासत होतो तो ळ,
एका रात्री एक बिंदू हलला
आणि मी तो परत जागेवर नेला नाही.
असा ळ दुसऱ्या कुणाकडे नाही.

मला सांगायचं होतं,
अरे, तेच तर बघून घेतला होता.
नाही सांगितलं.
सवलत मागितल्यासारखं झालं असतं.

तीन हप्ते ठरले. एक काकांनी दिला,
बिलावर 'रंगकाम' लिहायला लावून.
परवान्याचा कागद आला,
आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.
अक्षरं विकली जात नाहीत, असं होतं त्यात,
वापरायला दिली जातात.
भाड्याच्या घराचा करारही असाच असतो,
फक्त तिथे खिळे ठोकायची मनाई असते.

आता पाटीखालून जाताना
मान वर होते आपोआप.
पूर्वी माझं काम दिसायचं.
आता एक बिंदू दिसतो,
रात्री उशिरा हललेला.

पेनड्राइव्ह ड्रॉवरमध्येच आहे,
दोरा राखाडी झालाय.
आत बाकीचे सगळे,
कुणाकुणाच्या हललेल्या बिंदूंसकट.
टाकून द्यावा म्हणते.

काल लग्नपत्रिकेचं काम आलं.
फतेगंजची पार्टी, बजेट नाही,
उद्या सकाळी छापायला जायचीय.
ड्रॉवर अर्धा उघडून
बसले आहे केव्हाची.