मागच्या चार आठवड्यांत

नर्सबाईंनी फॉर्म दिला, सोबत दोरीला बांधलेलं पेन.
मागच्या चार आठवड्यांत पाल्याला त्रास किती?
अजिबात नाही, थोडा, बराच, फार.
चार चौकोन. एकावर खूण करा.

मी अंबडला सीएनसीवर असतो, दुसरी पाळी.
बेअरिंग जाणार असेल तर आठवडाभर आधी
मला आवाजातनं कळतं.
सुपरवायझर दुसऱ्या लाइनवरनं बोलावून घेतो,
म्हणतो, जरा कान लाव.
रात्री साडेबाराला जिना चढताना
तिसऱ्या पायरीपासून मी तसाच ऐकत येतो.
दाराआड दुर्वा झोपलेली असते
आणि तिच्या छातीत कुणीतरी
ओल्या काचेवरनं बोट फिरवत असतं.

झोपमोड किती वेळा झाली?
कुणाची, ते विचारलेलं नाही.
मंजिरी आता बसूनच झोपते, पाठीला भिंत,
पोरगी उभी खांद्यावर.
झोपेतही तिचा हात थापटत राहतो.
एकदा दुर्वा माझ्याकडे होती
आणि ही पहाटेपर्यंत उशीला थापटत होती.
मी उठवलं नाही.

नाशिकची थंडी काय छान, म्हणतात पाहुणे.
निफाडला पारा किती उतरला ते सकाळी पेपरात येतं,
आमच्याकडे ते रात्री दोनलाच कळतं.

बालवाडीत किती दिवस गैरहजर?
एकोणीस. हा आकडा तेवढा पाठ आहे.

खेळण्यावर परिणाम?
खेळते हो. बाहुलीला वाफ देते.
पावडरच्या डब्याचं झाकण तिच्या तोंडाला लावून
"मोठ्ठा श्वास घे, शहाणी ना माझी, संपलंच आता,"
अगदी मंजिरीचा सूर, शेवटचा थकवासुद्धा.
मग दहापर्यंत मोजते.
सात तिला येत नाही, सहावरनं आठवर जाते,
म्हणून बाहुलीची वाफ आपल्यापेक्षा लवकर संपते.
याला कुठला चौकोन, बाई?

खाण्यापिण्याची बंधनं?
शेजारच्यांच्या मळ्यातनं द्राक्षांची पेटी येते दरवर्षी.
आम्ही दोघं न्हाणीघरात उभे राहून खातो,
दाराला कडी, नळ सोडलेला,
चोरानं चोराला द्यावा तसा एकेक घड.
गोड असतात. घाईत कळत नाही नीट.

रंगपंचमीला पंचवटीत आत्याकडे नेलं होतं.
खाली रहाड उघडलेली,
वर्षभर मातीखाली बुजवलेला हौद, आता रंगानं काठोकाठ,
आणि पोरं वरनं धप्पा मारतायत.
आम्ही सरकत्या काचेमागे. कानटोपी, स्वेटर, वर ऊन.
तिनं काचेला तोंड लावलं, काच धुरकटली,
त्यावर बोटानं एक माणूस काढला:
डोकं खाली, पाय वर.
"बाबा, तो आत श्वास कसा घेतो?"
म्हटलं, घेत नाही गं. धरून ठेवतो.
खूप वेळ बघत होती.
मग म्हणाली, "मला पण येतं ते."

इतर काही सांगायचं असल्यास.
खाली दोन रेघा मोकळ्या.

परवा रात्री जिन्यात काहीच ऐकू आलं नाही.
तिसरी पायरी, पाचवी, आठवी.
मशीन गप्प झालं की त्याचे दोन अर्थ होतात
आणि दोन्ही मला माहीत आहेत.
किल्ली हातात धरून तिथंच बसलो.
फ्रिज सुरू झाला, बंद झाला.
वरच्या मजल्यावर कुणीतरी पाणी प्यायलं.
मग आत तिनं कूस बदलली,
बांगडी कॉटच्या लोखंडाला वाजली, टिंग,
आणि मी बूट काढले.