ओळ एक्केचाळीस

समुद्रपूरच्या बाजार समितीत
दोन संगणक, भावांची फीड एकच.
जुन्यावर कापूस, तूर, चना
सरसर खाली उतरतात;
नव्यावर नुसती पिवळी पट्टी :
ओळ एक्केचाळीस, चूक.

"काऊन बे, तिकडं दिसते अन् इकडं नाई?"

शीलवंत मेश्राम बोलत नाही.
कोड उघडून बोटानं ओळी मोजतो.
एकोणचाळीस, चाळीस...
उमाठे & उमाठे, अडत्ये.

मधलं ते वेटोळं
जुना ब्राउझर मुकाट गिळतो.
नवा तिथंच पाय रोवून उभा,
पुढची तूरही दाखवत नाही.

शीलवंतनं वेटोळं खोडलं,
"आणि" टाइप केलं.

मागून हमाल म्हणाला,
"पोळ्यापासून बोलत नाईत ना पण ते दोघं भाऊ."

बोट एंटरवर
जरा थांबलं.
मग तूर आली, दोन्हीकडं.