काकवीची बाटली

त्रिशला, तुझी काकवी पोचली.
खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली,
बुचावर रबर, रबराखाली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख,
सलाईनवर टाकतो तशी.
रुकडीच्या तुमच्या गुऱ्हाळाची, दुसऱ्या आदणाची;
पहिलं देवाचं म्हणालीस,
आणि तिसऱ्याला दिरानं चुलवाण जास्तच पेटवलं.

आज सुट्टी. कपिलतीर्थातून रताळी आणली, लाल सालीची,
माती सुटेना म्हणून जुन्या ब्रशनं घासली.
दोन बीट. बोटाएवढी गाजरं.
सुरणाचा एक तुकडा,
चिरताना हात खाजले, म्हणून चिंच घेतली,
आणि चिंचेच्या पाण्यात बोटं चोळताना लक्षात आलं,
या पाटीतलं एकही तुला चालत नाही.

एकदा सांगितलं होतंस,
ऊन सीपीआरच्या भिंतीवरून उतरायच्या आत
घाईघाईनं डबा संपवताना:
फळ तोडलं तर झाड राहतं,
कंद उपटला की काय राहतं?
मी हसले होते.
मग अठरा नंबरच्या खाटेची सुई निघाली, तू उठलीस,
उत्तर राहिलंच.

दुपारीच फोनवर म्हणालीस,
'खाणार नाही गं, पण कशी झाली ते सांग तरी.'
तर ऐक.

तवा बिडाचा, भावानं उद्यमनगरात ओतलेला,
साचा हलला म्हणून एका अंगाला जाड.
गिऱ्हाइकानं नाकारला, तो माझ्याकडं आला.
जाड बाजूला सुरण, त्याला वेळ लागतो.
पातळ बाजूला गाजरं.
रताळी मधे, सालीसकट.
बीट सगळ्यात शेवटी, नाहीतर सगळ्यांना रंगवून सोडतं.
तेल शेंगदाण्याचं, घाण्यावरचं.
फोडींनी फोडींना शिवायचं नाही,
गर्दी झाली की उकडतात, भाजत नाहीत.
झाकण नको. उलथणं नको.
हात बांधून नुसतं उभं राहायचं.
हे आपल्या दोघींना जमत नाही,
कुणी कण्हलं की आपण चाललो.

उभी राहिले.
कडा पिवळ्या झाल्या, मग तांबूस,
मग सालीजवळ बारीक काळी रेघ,
तेवढ्यात चटणी.
मे महिन्यात डंकावर कुटून आणलेली,
ब्याडगी निम्मी, संकेश्वरी निम्मी,
कांदा, लसूण, खोबरं, तीळ, सगळं आलं.
ठसका जिन्यापर्यंत गेला.
वरच्या मजल्यावरच्या मैनाक्का खोकत खाली आल्या,
'रताळ्याला लसूण? अगं, उपासाचं ते!
आता एकादशीला त्याला काय तोंड दाखवशील?'
आणि उभ्या उभ्या चार फोडी खाऊन गेल्या.

गॅस बंद केला, मग तुझी काकवी.
चमच्यानं नाही, बाटलीनंच, वरून धार.
तवा चुरचुरला, कडेला फेस आला,
तुमच्या काईलीवर येतो तसा असावा,
मी कधी पाहिलेली नाही.
वर लिंबू, जरा मीठ.

पहिल्यांदा गोडच लागतं. रताळं आणि ऊस,
एक खालचं, एक वरचं, दोघांचं लगेच जमतं.
तू घास गिळतेस, निर्धास्त होतेस,
मग घशाच्या मागून चटणी येते,
दार न वाजवता, चप्पल न काढता.
नाक वाहतं. पुन्हा हात जातो.
गाजरं जळाली थोडी. खोटं कशाला सांगू.
सुरण मात्र असं झालं, असं झालं की
मला तुझा क्षणभर रागच आला.

उरलेली काकवी बरणीत काढली,
बाटली गरम पाण्यानं तीनदा धुतली.
रिकामी परत द्यायची नाही, मग काय भरू?
फडताळ उघडलं:
आल्याचं लोणचं, लसणाची चटणी, बटाट्याचा कीस.
माझं सगळं घर जमिनीखालचं.
खूप वेळ दार धरून उभी होते.

तीळ भरलेत.
भाजले स्टीलच्या कढईत, त्या तव्यावर नाही.
हात साबणानं धुऊन, चमचा नवा घेऊन.
हुंगून बघ, लसूण लागणार नाही.

उद्या आपली दुपारची पाळी.
बाटली पिशवीत आहे.
सहाच्या आत खा.