चरा

तेवीस वर्षं मी चरे शोधले.
अंबडला, शेड नंबर चौदा, ट्यूबलाइटखाली
पिस्टनची पिन बोटांत फिरवायची,
उजेड तिच्यावरून सरकताना
कुठे अडखळतो का, बघायचं.
अडखळला, की लाल ट्रे.
स्क्रॅच हा माझा पहिला इंग्रजी शब्द.
रजिस्टरात रोज.
मधला टी विसरले म्हणून बेंडकुळे सुपरवायझरनी
एकदा अख्खं पान परत लिहायला लावलं.

मार्चात शेड बंद झाली.
हिशेबाचा चेक, झाकण घट्ट बसणारा एक स्टीलचा डबा,
आणि नव्या साहेबाचं भाषण.
आता फ्रॉम स्क्रॅच सुरू करा, म्हणाला पोरगा,
टायची गाठ सैल करत.
मी हिराबाईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे.
आम्हाला वाटलं, लाल ट्रेत टाकतोय.

पाथर्डी फाट्यापर्यंत रिक्षात तोच शब्द डोक्यात.
श्रीगणेशा म्हणाला असता, तर नारळ आठवला असता.
पाटी कोरी म्हणाला असता, तर ओल्या फडक्याचा वास.
पण चऱ्यापासून कुणी सुरुवात करतं?
चऱ्यापुढे तर भंगारवाल्याचा काटा,
किलोवर भाव.

भाची शलाका मैदानावरून आली,
बूट काढता काढता म्हणाली,
मावशे, पूर्वी शर्यतीला मातीत रेघ ओरखडायचे,
ती रेघ म्हणजे स्क्रॅच.
कच्च्या गड्यांना चार पावलं पुढून सोडायचे,
बाकीच्यांनी रेघेवरून पळायचं. सवलत नाही.
मग मी कधी पुढून पळाले गं, म्हटलं,
आणि तिला भाकरी वाढली.
हिराबाईला फोन लावून सांगितलं सगळं.
ती म्हणाली, पण मातीतली रेघ
पहिल्याच पायाखाली पुसत असेल ना?

जूनपासून सातपूरला फिटिंगचा कोर्स करते.
वर्गात सगळ्यांत मोठी मीच,
निरगुडे मास्तरसुद्धा चार वर्षांनी लहान.
आज त्यांनी पत्र्याला निळा रंग फासला,
हातात टोकदार सुई दिली: मारा मार्किंग.
हात धजेना.
गुळगुळीत धातूवर मुद्दाम ओरखडायचं?
बोटं आपोआप मागे.
अहो बाई, रेघ नाही तर कापायचं कुठून?

ओढली.
जराशी वाकडी आली, शेवटी थरथरली.
निळ्यातून लखलखीत धातू उघडा पडला,
उजेड तिथे अडखळला,
आणि मी सवयीनं मान वळवून
लाल ट्रे शोधत राहिले.